अर्थ नसलेला रेडिओ

आमच्या घरात दिवसाची रात्र व्हायची. बाबा कळमनुरीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रातपाळीचे वॉचमन होते. सकाळी सुटायचे, सायकल भिंतीला टेकवायचे, भाकर आणि कोरड्यास खायचे आणि भिंतीकडं तोंड करून जे झोपायचे, ते दिवस कलल्यावरच उठायचे. खोली एकच. तिच्यात चूल, तिच्यात मांडणी, तिच्यात माझं दप्तर आणि तिच्यातच बाबांची झोप. त्यामुळं आमचा सगळा संसार कुजबुजीत चालायचा. आई भाकरी थापायची तर परातीखाली ओलं फडकं घालून. भांडं भांड्याला लागू नये म्हणून मधे चिंध्या ठेवलेल्या. ठेचा कुटायचा तर खलबत्ता उचलून पार मागच्या बाभळीखाली न्यायचा. आणि फोडणी चर्र झाली रे झाली की ती अशा चपळाईनं झाकण टाकायची, की लसणाचा वास तेवढा बाहेर यायचा, आवाज आतच राहायचा. बाबा काही तापट नव्हते. उलट झोपमोड झाली तर नुसते उठून बसायचे आणि लाल डोळ्यांनी समोर बघत राहायचे. ते बघवत नसे. रागावले असते तर बरं, असं वाटायचं.

मोठा भाऊ नांदेडला वसतिगृहात होता, म्हणजे घरात आम्ही मायलेकीच जाग्या. आई दारात तांदूळ नाहीतर तूर निवडत बसायची, मी तिच्या पाठीला पाठ लावून अभ्यास करायची. पत्र्याला एक भोक होतं. त्यातून उन्हाचा कवडसा यायचा आणि दुपारभर जमिनीवरून सरकत सरकत बाबांच्या पायापर्यंत जायचा. तो पायाला लागला की शाळेतून येऊन दोन तास झाले असं मी समजायची. त्या दुपारी मला खऱ्या वाटायच्याच नाहीत. सगळं जग पाण्याखाली गेलंय, आणि आपण दोघी तळाशी बसून ओठ हलवून राहिलो, असं वाटायचं. शाळेत उभं केलं की माझ्या तोंडून आवाज फुटायचा नाही आणि सर ओरडायचे, "जेवलीस का न्हाई?" त्याची सगळी भरपाई मी पुढं केली. आता मी फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज काय, असं आमचे हे विचारतात.

पण खरं सांगायचं ते आईच्या आवाजाचं. आई निंदणी-खुरपणीला जायची, आणि तिथं ती गायची म्हणे. म्हणे असं लिहावं लागतं, कारण मी कधी ऐकलं नव्हतं. ती रानात असायची तेव्हा मी शाळेत, आणि मी घरी तेव्हा बाबा झोपलेले. रात्री ते कामावर गेले की ती दिवसभराची दमलेली, पाठ टेकताच झोपायची. सोबतच्या बाया मला रस्त्यात अडवून सांगायच्या, "तुही माय ओवी धरती नं, तवा खुरपं आपुआप चालतं." मी घरी येऊन म्हणायची, आई, म्हण ना एक. मग ती बाबांकडं बघायची आणि कानाशी येऊन शब्द तेवढे सांगायची. "काळ्या ना वावरात गं, पिवळी तुरीची फुलं, निंदणाऱ्या माईचं बांधावर झोपलं मूल." असे शब्द मला कितीतरी पाठ होते. शब्द पाठ आणि चाल ठाऊक नाही, असं ते शिक्षण.

त्या वर्षी श्रावणात वावरात एक जीप आली. रेडिओची माणसं होती. बाया खुरपत होत्या तिथंच त्यांनी झाडाखाली टेपची पेटी मांडली आणि आईला पुढं बसवून तिच्याकडून ओव्या म्हणवून घेतल्या. मागं बाकीच्या बाया झील धरायला. आईनं विचारलं, आमाला ऐकवता का? आभाळ भरून आलेलं, त्यांना पेटी भिजायची भीती. ते म्हणाले, आता रेडिओवरच ऐका, लागायच्या आधी कार्ड टाकू. हे तिनं मला त्या संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं. बाबांनाही सांगितलं, पण ते तेव्हा नुकते उठून तोंड धुवत होते. "हूं," म्हणाले आणि टॉवेल मागितला. आई परत त्या वाटेला गेली नाही.

माघात कार्ड आलं. पत्ता शाळेचा दिलेला होता. आमचे विज्ञानाचे गिरी सर, त्यांनी ते मला वाचून दाखवलं. पंधरा दिवसांनी बुधवारी दुपारी परभणीवरून आईच्या ओव्या लागणार होत्या. मी धावत घरी आले आणि आईच्या कानात सांगितलं. तिच्या हातातला चाळा थांबला. मग म्हणाली, "लागू दे. आपल्याकडं कुठं हाय रेडू?" गावात रेडिओ होते, नव्हते असं नाही. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात होता, पण तिथं बाया उभ्या राहत नसत. वावराच्या मालकाच्या घरी होता. बाकीच्या बाया तिथं जाणार होत्या. आईला मी म्हटलं, तूही जा. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या ओसरीत उभं राहून आपलाच आवाज ऐकू का? आन त्यायनं मधीच बंद केला म्हंजी?" पण ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली, ते मला कळलं. बाबांचं मत तर पक्कं होतं. घरात रेडू आला तर मी जिनिंगमधीच झोपीन, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं.

तेव्हा मी ठरवलं, रेडिओ आपणच करायचा. आवाज न करणारा, मांडणीत मावेल एवढासा, आणि फुकटच्या भावात. परवा माझी नात पुण्यात स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडत बसली होती. टेबलावर सगळे सुटे भाग पसरलेले. मी विचारलं, बाजारात तयार मिळत नाही का? तर म्हणाली, "आजी, मला पंख्याची घरघर नको, डबा लहान पाहिजे आणि बजेट एवढंच आहे. तयार घेतला तर तिन्ही नाही जमत." मी मनात म्हटलं, बाई, रक्तच आहे हे, त्याला कोण काय करणार?

गिरी सरांनी वर्गात फळ्यावर एकदा बिनसेलच्या रेडिओची आकृती काढली होती. सेल लागत नाही, वीज लागत नाही, आवाज कानापुरता. माझ्या वहीत ती होती. सुटे भाग मिळायचे ते बाजाराजवळच्या करीमचाचांच्या दुकानात. चाचा रेडिओ दुरुस्त करायचे. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते दखनीत. मी त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, पैसे नाहीत, काम सांगा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि स्क्रूंनी भरलेलं एक घमेलं पुढं सरकवलं. आठ दिवस शाळा सुटल्यावर मी स्क्रू निवडले, लहान-मोठे वेगळे केले, जुन्या सेटांवरची धूळ ब्रशनं झाडली. शेजारपाजारच्या बायांनी आईला विचारलंच, पोरगी मिस्त्र्याच्या दुकानात काहून बसती? आई म्हणाली, शिकून राहिली. एवढंच. बदल्यात चाचांनी मला एक डायोड दिला, मोडक्या सेटमधली, तार गुंडाळायची अर्धी काळी कांडी दिली, रिळावरची बारीक तार दिली, एक जुनं गँग दिलं ज्यानं स्टेशन फिरवतात, आणि मिलिटरीच्या भंगारातल्या हेडफोनचा एक कान वापरायला दिला. दुसरा कान कुठं गेला, ते त्या मिलिटरीलाच माहीत.

हे सगळं मी साबणाच्या डबीत बसवलं. हिरवी प्लास्टिकची डबी, तिला अजून साबणाचा वास होता. तार गुंडाळताना वेढे मोजायचे, आणि मोजताना ओठ हलले तरी आवाज काढायचा नाही. आई समोर बसून माझ्याबरोबर मोजायची, बोटांच्या पेरांवर. मधेच बाबा कूस बदलायचे, की आम्ही दोघी थिजून जायचो आणि किती झाले ते विसरायचो. मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या उभ्या आयुष्यात आईबरोबर घालवलेल्या वेळातला तो सगळ्यात सुखाचा काळ, हे आता लिहिताना कळून राहिलं. एरियल म्हणून पत्र्यापासून बाभळीपर्यंत तार ओढली. धुणं वाळत घालायला, असं बाबांना सांगितलं. त्यांनी तिच्यावर आपला पंचा वाळत घातला.

सगळं जोडून मी कानाला लावलं. काही नाही. गँग फिरवलं, काही नाही. डायोड उलटा केला, सुलटा केला. विहिरीत वाकून बघितल्यावर कानात जी पोकळी येते तेवढीच. आईनं लावून बघितलं आणि माझं मन राखायला म्हणाली, "काई तरी हाय वाटतं." काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डबी चाचांकडं नेली. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्यांनी झाकण उघडलं, आत निरखून बघितलं, वहीतली आकृती मागितली, तीही बघितली आणि डबी परत माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "इसमें अर्थ नै है, बेटी. अर्थ के बगैर कुछ नै होता." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

मी रस्त्यावर आले. ह्यात अर्थ नाही. माणसानं आयुष्यभर रेडिओ हाताळले, त्यानं बघून सांगितलं की ह्याला काही अर्थ नाही, आणि अर्थाशिवाय काही होत नसतं. केवढं मोठं बोलला आणि किती शांतपणे! मला त्यांचा राग आला नाही, हेच वाईट. पटलं. आपण कोण, आपली ऐपत काय, साबणाच्या डबीतून कुठं परभणी बोलते का? घरी येऊन आईला सांगितलं, मिस्त्री म्हणाले, ह्याला अर्थ नाही. ती म्हणाली, "म्हणले आसतील तर बराबरच आसंल. जाऊ दे. मला कुठं तेवढी हौस हाय?" आणि पदरानं डबी पुसून तिनं मांडणीवर ठेवून दिली, बुद्धाच्या तसबिरीखाली. हौस नसलेलं माणूस असं पुसून ठेवत नाही. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि माझं न जेवणंही कुणाला ऐकू गेलं नाही.

बुधवार दोन दिवसांवर आला तेव्हा आई म्हणाली, त्या चाचाचं कानाला लावायचं परत देऊन ये, दुसऱ्याची वस्तू घरात नको. मी गेले. दुकानात एक जण जळका रेडिओ घेऊन बसला होता आणि चाचांच्या मागं लागला होता, की कसाही करून नीट करा. चाचा मान हलवत म्हणाले, "इसको बनाने में कुछ मतलब नै. नया लो." तो माणूस हळहळत उठून गेला. मी हेडफोन फळीवर ठेवला आणि परत फिरले. दोन पावलं गेले असेन. पाय थांबले. त्याला म्हणाले मतलब नै. मला म्हणाले अर्थ नै. चाचा तर 'मतलब'च म्हणतात. हिशेबाला मतलब, बोलण्याला मतलब, सगळ्याला मतलब. ह्या माणसाच्या तोंडून 'अर्थ' हा शब्द एरवी कधी निघाल्याचं मला आठवेना. आपल्या पुस्तकातला शब्द त्यांच्या तोंडी आला कुठून?

मी परत वळले आणि विचारलं, "चाचा, मेरे रेडू में क्या नै बोले थे तुमी?"

"अर्थ," ते म्हणाले आणि बोट खाली केलं. त्यांच्या टेबलाखालून एक तार निघून भिंतीच्या भोकातून बाहेर जमिनीत गेली होती. "जमीन का तार. वो नै लगाया तूने." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांना काय ते उमगलं असावं. चष्मा काढून ते प्रथमच हसले आणि म्हणाले, "मतलब तो है, बेटी. अर्थ नै है."

वहीत बघितलं तर आकृतीच्या तळाशी तीन आडव्या रेघा होत्याच, वरची लांब, खालची आखूड. चाचांच्या ह्या इंग्रजी 'अर्थ'ला सर 'भूसंपर्क' म्हणाले असतील, पण मला वाटलं होतं, आकृती संपली म्हणून सरांनी खाली रेघा मारल्या. ते निबंधाखालीही मारायचे. मी एवढी शहाणी, की त्या नक्षी समजून गाळल्या! पुढं मी कितीतरी वर्षं पोरांना वायरिंग शिकवलं. दर वर्षी पहिल्या दिवशी त्या तीन रेघा फळ्यावर काढायची आणि विचारायची, हे काय आहे? कोणी तरी हमखास म्हणायचं, नक्षी. त्याला मी पहिल्या बाकावर बसवायची.

चाचांनी कान परत दिला आणि कृती सांगितली. लोखंड गाडायचं, भोवती कोळसा आणि मीठ, आणि वरून पाणी. जमीन ओली पाहिजे, कोरडी जमीन काही बोलत नाही. मंगळवारी आम्ही मायलेकींनी न्हाणीच्या मागं खड्डा खणला. कुदळ हळूहळू चालवायची, दगड लागला की हातानं उकरायचा. वखराच्या जुन्या लोखंडी पासेचा गंज विटेनं घासून काढला, तिला तार आवळली आणि ती खड्ड्यात उभी केली. चुलीतले कोळसे टाकले. मिठाचं मडकं आईनं पुरतं उपडं केलं. मी म्हटलं, आई, मूठभर बस्स. ती म्हणाली, "चार दिवस आळणी खाऊ." आणि खरंच खाल्लं. बाबा म्हणाले, वरणात मीठ न्हाई का? आई म्हणाली, संपलं. तार खिडकीतून आत घेऊन मी डबीला जोडली आणि कान लावला. खूप लांबून, भिंतीपलीकडच्या भिंतीपलीकडं कुणी बोलावं तसा एक माणूस बाजारभाव सांगत होता. तुरीचा भाव. मी आईच्या कानाला लावलं. तिनं डोळे मिटले आणि तुरीचा सगळा भाव ऐकून घेतला.

बुधवार उजाडला तो कडक उन्हाचा. बाबा सकाळी आले, जेवले, झोपले. आईनं न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसलं होतं, परभणीला जायचं असल्यागत. दुपारी ती खिडकीखाली भिंतीला टेकून बसली आणि मी कान तिच्या कानावर ठेवला. पण पाचच मिनिटांत ती हात हलवू लागली. आवाज बारीक होत चालला होता. ऊन पाणी पिऊन टाकत होतं. मी बादली घेऊन न्हाणीमागं पळाले आणि तांब्यानं खड्ड्यावर पाणी घातलं. खिडकीतून बघितलं, तर तिनं मान डोलावली, आला. जरा थांबले, की तिचा हात पुन्हा वर. मग मला कळलं, की मला तिथंच उभं राहायचंय. आत जायचं नाही. तांब्या, खिडकी, तांब्या, खिडकी. हेडफोनला कान एकच होता, त्यामुळं तसंही दोघींना ऐकता आलं नसतं.

कधी सुरू झालं, ते मला तिच्या तोंडावरून समजलं. ती आधी ताठ झाली. मग सैल पडली. तिचे ओठ हलायला लागले, माझ्या ओळखीच्या शब्दांवर, वावर, तुरीची फुलं, बांधावरचं मूल. डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं होतं आणि तिला पत्ता नव्हता. तिच्याकडून नकळत एक हुंदका निघाला असावा, कारण बाबा उठून बसले. माझ्या हातात तांब्या तसाच राहिला. त्यांनी लाल डोळ्यांनी बघितलं, बायको कानाला काळं काही तरी लावून रडून राहिली. काय झालं, म्हणून ते पुढं सरकले. आईनं कान काढला आणि त्यांच्या कानावर धरला.

मी भानावर येऊन पाणी घातलं. जेवढं होतं तेवढं सगळं घातलं. बाबा ऐकत होते. जांभई द्यायला तोंड उघडलेलं, ते तसंच उघडं राहिलं. मान एका बाजूला झाली. असे जागे बाबा मी कधी बघितले नव्हते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, आणि ते कुजबुजायचं विसरले होते, "कोण बाई हाय ही?"

मला खिडकीतून ओरडून सांगावंसं वाटलं. आईनं त्यांच्याकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग हळूच म्हणाली, "आसंल कोणी तरी. कशी हाय?"

बाबा म्हणाले, "अशी बाई घरात आसती, तर माणसानं रातपाळी सोडून देली आसती."

गाणं संपलं. त्यांनी कान तिच्या हातात दिला, आणखी जरा वेळ भिंतीकडं बघत बसले आणि आडवे झाले. थोड्या वेळानं घोरायलाही लागले. मी ओल्या पायांनी आत आले, सांगायला तोंड उघडलं, तर आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मला ओढत मागं बाभळीपाशी नेलं. मी चिडले होते. म्हटलं, काहून नाही सांगितलंस? आता उठव त्यांना आणि सांग. ती हसत होती. गाल ओलेच होते. म्हणाली, "सांगतलं आसतं तर म्हणले आसते, बरं हाय. बायकोला माणूस तेवढंच म्हणतो. आता म्हणले ते खरं म्हणले. राहू दे मला ते." आणि माझ्याकडून तिनं शब्द घेतला, की मी कधीच सांगायचं नाही.

बाबांची रातपाळी सुटली नाही. आई घरात कुजबुजतच राहिली, आणि बाबा आवाज ओळखतील म्हणून ओवी तर तिनं घरात कधीच धरली नाही. पुढं कधीमधी बाबाच विषय काढायचे, ती एक बाई लागली होती बघ, पुन्हा लागली न्हाई. आई खाली मान घालून भाकरी उलटायची. मी तो आवाज कधीच ऐकला नाही. बाबा गेले तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. मागल्या वर्षी आईही गेली, म्हणून आज मी शब्द मोडला. ती बाई आमची आई होती, बाबा.